दुचाकीवर परवान्याचे हत्यार कसे बाळगावे? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (बार्शी, जि. सोलापूर) : स.न.वि.वि. माझा पेट्रोल पंप गावाबाहेर अकरा किलोमीटरवर आहे. रोकड घेऊन बँकेत भरणा करायला मी स्वतः बुलेटवरून जातो. पंपावर लुटीचा प्रयत्न झाल्यानंतर मला स्वसंरक्षणासाठी परवाना मिळाला आणि मी कानपूरच्या कारखान्यात बनलेले ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले. गाडीवर असताना ते नेमके कोठे ठेवावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. गन हाऊसवाले खांद्याचे होल्स्टर (हत्यार ठेवायचे म्यान) घ्या म्हणतात, ओळखीचे एक निवृत्त फौजदार कमरेला मागच्या बाजूस खोचा म्हणतात आणि धाकट्या भावाचे म्हणणे असे की टाकीवरच्या बॅगेत पैशांबरोबरच ठेवावे. पावसाळ्यात काय करावे, हाही प्रश्न आहेच. कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपण ज्या तिघांना विचारले, त्या तिघांनीही हत्यार चटकन हाती कसे येईल एवढाच विचार केलेला दिसतो. दुचाकीस्वाराने मात्र पहिला विचार पडण्याचा करावा. वाळूवरून गाडी घसरली, आपण रस्त्यावर काही फूट फरफटत गेलो आणि शुद्ध हरपली, तर त्या वेळी हत्यार कोठे असेल, त्याची नळी कोणाकडे रोखलेली असेल आणि ते कोणाच्या हाती लागेल, या तीन प्रश्नांना जी जागा नीट उतरते ती जागा निवडावी. हत्यार किती लवकर निघते हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

चालत्या गाडीवर त्या चौथ्या प्रश्नाला फारसा अर्थही नाही. ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक हे दोन्ही उजव्या हातात असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे सरकते. रिव्हॉल्व्हरकडे हात नेणारा उजवखोरा माणूस तेवढा काळ पुढच्या ब्रेकविना एका हाताने गाडी चालवत असतो आणि अशा स्थितीत झाडलेली गोळी कोठे जाईल याची हमी कोणताही शिक्षक देणार नाही. कोणी पाठलाग करत असल्याचे लक्षात आले, तर थांबू नये. वस्तीकडे, टोलनाक्याकडे किंवा पोलीस ठाण्याकडे गाडी न्यावी आणि तेथे पोहोचताच ११२ वर फोन करावा. गाडीवर असेपर्यंत हत्यार जागच्या जागी राहिले पाहिजे, हीच अपेक्षा धरून पुढचे सगळे ठरवावे.

कायद्याची अपेक्षाही याच्याशी जुळणारीच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर नेताना ते त्यासाठीच बनवलेल्या आणि अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये, किंवा पाठपिशवीसारख्या साधनात असावे लागते. शिवाय ते पूर्णपणे झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा, असे नियम सांगतो. नुसते पँटमध्ये खोचलेले रिव्हॉल्व्हर यात बसत नाही. बुलेटवर वाऱ्याने शर्ट उडून मूठ उघडी पडत असेल, तर तेही नियमाला धरून होत नाही आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला आपल्याजवळ काय आहे हे कळते ते वेगळेच. परवान्याच्या अटींचा भंग केल्यास शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण आपल्यासारख्या माणसाच्या दृष्टीने परवाना रद्द होणे हीच खरी मोठी शिक्षा ठरते.

आता आपल्या भावाच्या सूचनेबद्दल. ती मी पूर्णपणे अमान्य करतो आणि आपणही करावी. भरणा घेऊन जाणाऱ्याला लुटणारा पहिला हात बॅगेला घालतो. रोकड आणि रिव्हॉल्व्हर एकाच बॅगेत असेल, तर एका हिसक्यात दोन्ही जातात आणि तो मनुष्य आता आपल्याच रिव्हॉल्व्हरसह आपल्यासमोर उभा असतो. टाकीवरच्या बॅगा बहुधा लोहचुंबकाने किंवा पट्ट्यांनी बसवलेल्या असतात. गाडी आपटली की त्या सुटून कोठेही जातात. पेट्रोल भरताना, चहाला थांबल्यावर, बँकेच्या दारात गाडी लावताना ती बॅग प्रत्येक वेळी आठवणीने काढावी लागते आणि एखाद्या दिवशी ती आठवण राहत नाही. हत्यार गाडीला नसावे, अंगाला असावे, या नियमाला मी रोजच्या वापरात कोणताही अपवाद मानत नाही.

फौजदारसाहेबांनी सुचवलेली जागा, म्हणजे कमरेच्या बरोबर मध्यभागी पाठीमागे, ही उभ्याने पहारा देणाऱ्याला सोयीची वाटली तरी दुचाकीस्वारासाठी सर्वांत धोक्याची आहे. दुचाकीवरून उताणे पडल्यावर माकडहाडाच्या वरचा भाग जमिनीवर आदळतो. तेथे पाऊण किलोच्या आसपास वजनाचा पोलादी तुकडा असेल, तर पडण्याचा सगळा आघात त्याच्यामार्फत मणक्यावर येतो. जो माणूस एरवी खरचटून उठला असता त्याला मणक्याची कायमची इजा होऊ शकते. मागे बसणाऱ्याचा हातही सहज तेथेच पोहोचतो.

खांद्याच्या होल्स्टरला मी सरसकट नाकारत नाही. बसलेल्या माणसाला ते टोचत नाही आणि जॅकेटखाली चांगले झाकले जाते. परंतु त्याच्या अनेक नमुन्यांत हत्यार आडवे राहते आणि नळी थेट मागे, म्हणजे मागच्या सीटवरील माणसाच्या छातीकडे रोखलेली असते. असे होल्स्टर दुचाकीवर कधीही वापरू नये. नळी खाली राहील असा उभा नमुना मिळतो. त्यातही कुशीवर पडल्यास हत्यार दंड आणि बरगड्या यांच्यामध्ये येते. शिवाय सोलापूरकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्यासाठी रोज जॅकेट घालावे लागेल आणि आपण ते चार दिवसांत सोडून द्याल, अशी मला भीती वाटते. रोज पाळता येत नाही ती पद्धत सुरक्षित राहत नाही.

घोट्याचे होल्स्टर, पँटचा खिसा आणि जॅकेटचा खिसा यांचा विचारही करू नये. पोटाच्या पुढच्या बाजूस हत्यार लावण्याची पद्धत परदेशात बरीच रुळलेली आहे. पण समोरून धडक बसल्यावर स्वार पुढे सरकून टाकीवर आदळतो आणि त्या वेळी ओटीपोट व टाकी यांच्यामध्ये रिव्हॉल्व्हर असणे कोणालाही परवडणारे नाही.

माझ्या मते आपल्यासाठी योग्य जागा म्हणजे उजव्या कमरेच्या हाडाच्या थोडी मागे, साधारण मागच्या खिशाच्या वरची बाजू. कुशीवर पडल्यावर रस्त्याचा मार कमरेच्या हाडाच्या टोकावर बसतो. त्याच्यामागे जी थोडी खोलगट जागा असते तेथे हत्यार निदान सगळा भार घेत नाही, मणक्यापासून दूर राहते आणि नळी जमिनीकडे असते. बुलेटवर बसण्याची ठेवण ताठ असल्यामुळे शर्ट किंवा जॅकेट मागून वर सरकत नाही, हाही फायदा आहे. पुढे वाकून चालवायच्या गाडीवर हीच जागा उघडी पडते. अशा स्वारांनी, तसेच पोट सुटलेल्यांनी, डाव्या बाजूला कमरेच्या हाडाच्या किंचित पुढे, मूठ उजव्या हाताकडे येईल असे तिरके होल्स्टर लावून पाहावे. दोन्ही जागा घरी रिकाम्या हत्याराने, उभ्या स्टँडवरच्या गाडीवर अर्धा तास बसून तपासाव्यात, म्हणजे काय टोचते आणि काय सरकते ते दुकानातल्या आरशापेक्षा चांगले कळते.

होल्स्टर घेताना त्याच्या रंगरूपापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. ट्रिगर पूर्ण झाकला गेला पाहिजे. हत्यार काढल्यावरही होल्स्टरचे तोंड उघडे राहिले पाहिजे. आणि वरून बटणाची पट्टी असली पाहिजे, जी अंगठ्याने मुद्दाम उघडल्याशिवाय सुटत नाही. भरलेले होल्स्टर उलटे धरून हलवल्यावर हत्यार खाली येत असेल, तर ते होल्स्टर परत करावे. (अर्थात ही परीक्षा एकही काडतूस नसलेल्या हत्याराने आणि गादीवर करावी.) बाजारात मिळणारी मऊ नायलॉनची पाऊच स्वस्त असतात, पण त्यांना स्वतःचा आकार नसतो आणि दुचाकीच्या हादऱ्यांत हत्यार आत फिरते. पट्टाही तितकाच महत्त्वाचा आहे : दीड इंच रुंदीचा, जाड, न वाकणारा. कापडी पट्ट्यावर उत्तम होल्स्टरही लोंबते.

किती काडतुसे भरावीत, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो जागेइतकाच महत्त्वाचा आहे. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरांत हॅमर (काडतुसावर ठोका मारणारा मागचा भाग) पुढे टेकलेला असताना त्यावर मागून जोराचा आघात झाला, तर गोळी सुटू शकते. नव्या बनावटींत हे रोखणारा भाग आत बसवलेला असतो. आपल्या हत्यारात तो आहे की नाही आणि चालू स्थितीत आहे की नाही, हे परवानाधारक दुरुस्तीकाराकडून तपासून घ्यावे. खात्री होईपर्यंत सहापैकी एक चेंबर (काडतुसाचे घर) रिकामे ठेवून हॅमर त्या रिकाम्या चेंबरवर टेकवावा. पिस्तूल असणाऱ्यांनी गाडीवर असताना चेंबर रिकामेच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना वजन खुपते त्यांच्या माहितीसाठी सांगतो की २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सुमारे अर्ध्या किलोचे आणि २०२३ मध्ये आलेले ‘प्रबल’ काडतुसांविना ६७५ ग्रॅमचे आहे. परंतु हत्यार बदलण्याआधी पट्टा बदलून पाहावा, बहुतेकांची तक्रार तेथेच मिटते.

पावसाळ्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण खरे अपघात या दिवसांत होण्याचा संभव असतो. कातडी होल्स्टर पावसाने आणि घामाने भिजत राहिले की मऊ पडते आणि त्याचे तोंड आत दुमडू लागते. मग हत्यार परत आत सरकवताना ती दुमडलेली कड ट्रिगरच्या कड्यात शिरते, आपण वरून दाबत राहतो आणि ट्रिगर मागे ओढला जातो. रेनकोटच्या कमरेला जी आवळायची दोरी असते आणि तिच्या टोकाला प्लॅस्टिकचे बोंडूक असते, तेही नेमके त्याच कड्यात अडकण्याच्या उंचीवर लोंबत असते. ती दोरी कापून टाकावी. रेनकोटचे काही बिघडत नाही. हत्यार होल्स्टरमध्ये घालताना कपडा डाव्या हाताने पूर्ण बाजूला धरावा, होल्स्टरच्या तोंडाकडे डोळ्यांनी पाहावे, बोट ट्रिगरपासून दूर सरळ ठेवावे आणि जराही अडथळा जाणवला तर जोर न लावता हत्यार बाहेर काढावे. हे काम घरी, रेनकोट आणि हातमोजे घालण्यापूर्वी एकदाच करावे. जाड हातमोज्यांनी हत्याराला हात लावू नये आणि सिग्नलवर थांबून ते सारखे करत बसू नये.

पावसाच्या दिवसांत कातड्याऐवजी कडक प्लॅस्टिकचे होल्स्टर चांगले. ते ओले झाले तरी आकार सोडत नाही. घरी आल्यावर काडतुसे काढून हत्यार कोरड्या फडक्याने पुसावे, तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि ते कधीही ओल्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नये, कारण कातडे ओल धरून ठेवते आणि एका रात्रीत नळीवर तांबूस ठिपके दिसू लागतात. काडतुसांच्या पितळेवर हिरवट थर चढला असेल, तर ती वापरातून काढावीत.

शेवटी अपघाताची तयारी. परवाना पाणी न शिरणाऱ्या पाकिटात, छातीच्या आतल्या खिशात असावा. पोलिसांनी मागितल्यास तो दाखवणे बंधनकारक आहे. त्याच पाकिटात मराठीत एक चिठ्ठी ठेवावी : ‘माझ्या उजव्या कमरेला परवान्याचे भरलेले रिव्हॉल्व्हर आहे, ते काढू नये, होल्स्टरसह पट्टा सोडवावा आणि पोलिसांच्या ताब्यात द्यावे,’ आणि खाली घरचा फोन. मदतीला धावलेली माणसे आणि १०८ च्या रुग्णवाहिकेतील डॉक्टर यांना आपल्या कमरेला काय आहे हे आधी कळायला हवे. हत्यार रस्त्यात पडून हरवले, तर शोधण्यात दिवस न घालवता जवळच्या ठाण्यात लगेच कळवावे. बँकेच्या शाखा व्यवस्थापकांना आणि सुरक्षारक्षकाला आपण परवानाधारक आहोत हे आधी सांगून ठेवावे आणि निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर त्या दिवसांत भरण्यासाठी सोबतीला माणूस घेऊन चारचाकीने जावे.

प्रश्न (सांगली) : माझे पती डॉक्टर असून त्यांच्याकडे परवान्याचे पिस्तूल आहे. रात्री उशिरा दवाखान्यातून येताना ते पिस्तूल स्कूटरच्या सीटखालच्या डिकीत ठेवतात आणि बऱ्याचदा घरी आल्यावरही ते तेथेच राहते. सकाळी तीच स्कूटर घेऊन मी मुलीला शाळेत सोडते. हे योग्य आहे का?

उत्तर : ताई, हे आजच्या आज थांबले पाहिजे. परवाना आपल्या पतींच्या नावावर आहे, आपल्या नाही. त्यांच्या उपस्थितीत, किंवा दुरुस्ती, नूतनीकरण अथवा त्यांच्या स्वतःच्या वापरासाठी त्यांच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसऱ्याने हत्यार नेण्याची मुभा कायद्यात आहे. पण ते घरी असताना आपण डिकीतले पिस्तूल घेऊन रस्त्यावर निघणे या सवलतीत बसत नाही आणि तेथे पिस्तूल आहे हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे ‘मला माहीत नव्हते’ असेही म्हणता येणार नाही. त्यात आपण शाळेच्या आवारात जाता. परवान्याच्या अटींनुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय शैक्षणिक संस्थेच्या आवारात शस्त्र नेण्यास स्वतः परवानाधारकालाही मनाई असते.

कायद्याइतकीच मला मुलीची काळजी वाटते. डिकीत रेनकोट असतो, डबा असतो, खाऊ असतो, आणि ती उघडायला मुलेच आधी पुढे होतात. डिकीचे कुलूप सर्व्हिसिंगला, पार्किंगवाल्याकडे, शेजाऱ्याने मागितल्यावर, असे कितीदा उघडते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पतींना सांगावे की पिस्तूल दवाखान्यातून अंगावरच्या होल्स्टरमध्ये आले पाहिजे आणि घरात पाऊल टाकल्यावर चप्पल काढण्याआधी ते भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी तिजोरीत गेले पाहिजे, काडतुसे वेगळ्या कप्प्यात. हे त्यांना जमणार नसेल, तर त्यांनी ते पिस्तूल रोज सोबत नेऊच नये.

प्रश्न (नातेपुते) : आमच्या दिंडीच्या पुढे-मागे आम्ही काही तरुण मोटारसायकलवरून व्यवस्था पाहतो. माझ्याकडे परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे. वारीत ते सोबत ठेवले तर चालेल का?

उत्तर : नाही. जत्रा, धार्मिक मिरवणूक आणि सार्वजनिक जमाव येथे शस्त्र नेण्यास परवान्याच्या अटींनीच मनाई केलेली आहे आणि होल्स्टर कोणतेही असले तरी त्यात फरक पडत नाही. वारकऱ्यांच्या गर्दीत तर एक हात सुटला की ते कोणाच्याही हाती जाईल. रिव्हॉल्व्हर घरी कुलपात ठेवून निश्चिंत मनाने सेवा करावी.

प्रश्न (ह्यूस्टन, टेक्सास) : मी येथे नोकरी करतो आणि सुट्टीत मित्रांबरोबर मोटारसायकलवरून ग्रँड कॅन्यन पाहून पुढे कॅलिफोर्नियापर्यंत जाण्याचा बेत आहे. येथे परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते, म्हणून आम्ही एक सोबत घ्यावे असे मित्रांचे म्हणणे आहे. गाडीवर ते कसे न्यावे?

उत्तर : आपण कोणत्या दर्जाने तेथे राहता हे कळवलेले नाही आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवण्यास सामान्यतः मनाई आहे. वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. टेक्सासने १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तींना परवान्याविना होल्स्टरमध्ये पिस्तूल बाळगू दिले असले, तरी संघराज्याच्या मनाईवर त्याचा काही परिणाम होत नाही आणि त्या गुन्ह्याने नोकरी, व्हिसा, सगळेच धोक्यात येते. व्हिसावर असाल, तर मित्राचे पिस्तूल आपल्या गाडीच्या बॅगेत ठेवायलाही नकार द्यावा.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल, तर अंगावर बाळगण्याबद्दल वर बार्शीच्या वाचकांना लिहिलेले सगळे आपल्यालाही लागू आहे. महामार्गावर तासन् तास एकाच ठेवणीत बसायचे असल्याने कमरेमागची जागा दुखू लागेल. तिरके होल्स्टर आपल्याला अधिक सोयीचे पडेल. राज्य ओलांडताना मात्र त्या त्या राज्याचा नियम पाहावा लागतो. कॅलिफोर्निया दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही. १९८६ च्या संघराज्य कायद्याने प्रवाशाला जे संरक्षण दिले आहे, ते निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी हत्यार बाळगणे कायदेशीर असेल तरच मिळते. त्यासाठी पिस्तूल रिकामे असावे लागते आणि पिस्तूल व काडतुसे सहज हाताला लागतील अशी असू नयेत. मोटारसायकलला वेगळी डिकी नसल्यामुळे ती कुलूपबंद पेटीत ठेवावी लागतात. कापडी सॅडल बॅगेला लावलेले छोटे कुलूप यासाठी पुरेसे समजू नये. गाडीच्या सांगाड्याला बोल्टने बसवलेली कडक पेटी आणि तिच्या आत पोलादी केबलने बांधलेली लहान कुलूपपेटी, अशी रचना करावी. रोजच्या वापरात गाडीला हत्यार ठेवू नये असे मी वर म्हटले; लांबच्या प्रवासात कायदाच तसे करायला लावतो, तेव्हा गाडी नजरेआड करू नये आणि मुक्कामाच्या ठिकाणी आतली लहान पेटी खोलीत न्यावी.

ग्रँड कॅन्यनमध्ये आणखी एक अडचण येईल. २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत बंदूक बाळगण्याबद्दल त्या राज्याचा, म्हणजे येथे ॲरिझोनाचा, कायदा चालतो; परंतु उद्यानातील माहिती केंद्रासारख्या संघराज्याच्या इमारतींत हत्यार नेता येत नाही. प्रत्येक इमारतीच्या दारात पिस्तूल काढून पेटीत ठेवणे आणि परत लावणे, म्हणजे गर्दीच्या वाहनतळावर भरलेले हत्यार पुन्हा पुन्हा हाताळणे. आपल्या बेतात कॅलिफोर्नियाही आहे आणि उद्यानही, तेव्हा या प्रवासात पिस्तूल घरच्या तिजोरीतच ठेवावे, असे मी सुचवीन.